हेलियमच्या अहवालावरची सही

सही माझीच होती, हे आधी सांगते. कुणी माझा हात धरून ती करून घेतली नव्हती आणि कुणी तिची नक्कलही केली नव्हती. निळ्या बॉलपेननं, नेहमीसारखी, खाली रेघ ओढून मीच ती केली होती. म्हणून पुढे जे घडलं त्याला फसवणूक म्हणावं की माझा मूर्खपणा, यावर मी बरेच महिने स्वतःशीच भांडले. आता भांडत नाही. दोन्ही होतं.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी तपासनीस होते. स्टेनलेस स्टीलचे पाइप, फ्लँज, व्हॉल्व्हचे सांगाडे असं काम तिथे चाले. शेठ उल्हासनगरचे, कॅम्प एकमध्ये राहणारे. त्यांच्या वडिलांनी एका लेथवर सुरू केलेला धंदा त्यांनी वाढवला होता. ते रोज सकाळी येऊन सगळ्या मशीनवरून एक फेरी मारत आणि मग केबिनमध्ये बसत. तांत्रिक काही विचारायला गेलं की म्हणत, ‘काका को पूछो, ते सांगतील ते फायनल.’

काका म्हणजे आमचे क्वालिटीचे प्रमुख. एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त होऊन ते आमच्याकडे आले होते. मी डिप्लोमा करून रुजू झाले तेव्हा वेल्डिंगमधले दोष मला फक्त पुस्तकातल्या चित्रांवरून माहीत होते. काकांनी मला खरे दोष दाखवले. जोडाची बारीक भेग उजेड कुठून पडला की दिसते, हातमोजा काढून कुठे बोट फिरवायचं, वेल्डर घाईत होता हे त्याच्या जोडावरून कसं ओळखायचं, हे सगळं त्यांचं. वर्कशॉपमध्ये मी एकटीच बाई. पहिल्या महिन्यात एका वेल्डरनं मी नाकारलेला तुकडा माझ्यासमोरच पुन्हा पास झालेल्या ढिगात ठेवला होता. काकांनी तो उचलून त्याच्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाले, ‘तिनं नाही म्हटलं म्हणजे मी नाही म्हटलं.’ त्या वाक्यावर मी पुढची सहा वर्षं नोकरी केली.

सुरुवातीला आमच्याकडे अणुवीज प्रकल्पाला लागणारे व्हॉल्व्हचे सांगाडे येत. थेट नाही, मोठ्या कंपनीकडून छोटीकडे, छोटीकडून आमच्याकडे, असं उतरत उतरत. ते काम आलं की काकांचा चेहराच बदलायचा. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ते मला समजावत. युरेनियमचा अणू जड असतो. त्याच्या केंद्रकावर न्यूट्रॉन आदळला की ते फुटतं, उष्णता निघते आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात. ते पुढच्या केंद्रकांना फोडतात. ही साखळी हवी तेवढीच चालू ठेवायची, त्या उष्णतेवर पाण्याची वाफ करायची आणि वाफेवर टर्बाइन फिरवायचं. ‘म्हणजे शेवटी पाणीच उकळायचं,’ मी म्हटलं होतं. ते हसले आणि म्हणाले, हो, पण या चुलीची एक गोष्ट लक्षात ठेव. साखळी थांबवली तरी ती लगेच थंड होत नाही. फुटलेले तुकडे नंतरही तापत राहतात, कित्येक दिवस. म्हणून पाणी थांबून चालत नाही आणि पाणी नेणारं काहीही गळून चालत नाही. ‘आपण तपासतो ते यासाठी.’

एकदा त्यांनी एका संशयावरून अख्खी खेप अडवली होती. शेठ दोन दिवस केबिनमधून बाहेर आले नव्हते. काका ढळले नाहीत. मी घरी जाऊन हे अभिमानानं सांगितलं होतं, जणू ते मीच केलं होतं.

माझं घर बदलापूरजवळ, जांभूळमध्ये. वडील तिथल्याच जलशुद्धीकरण केंद्रात पंपावर कामाला होते, आता निवृत्त आहेत. आमची पिढ्यान्‌पिढ्यांची शेती होती, त्यातली थोडी अजून आहे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

मग ती दुसरी ऑर्डर आली. बारा तुकडे. प्रत्येक तुकडा म्हणजे एक जाड फ्लँज, म्हणजे कडेला भोकं असलेली चकती, आणि त्याला जोडलेल्या तीन वाकड्या नळ्या. दिसायला फार काही नाही, पण कागदांची थप्पी पाहून काका म्हणाले की हे फ्यूजनचं काम आहे. ज्यांच्यासाठी ते करायचं होतं त्यांच्या इंजिनिअर बाई स्वतः वर्कशॉपमध्ये आल्या. पन्नाशीच्या, मराठीच, आणि बोलायला साध्या. त्यांनी शेठना विचारून अर्धा तास मशीन बंद करायला लावली आणि सगळ्यांना उभं करून सांगितलं की तुम्ही काय बनवताय.

शाळेत आपण विखंडन आणि संमीलन, म्हणजे फिशन आणि फ्यूजन, हे दोन शब्द पाठ केलेले असतात, त्या म्हणाल्या. विखंडन म्हणजे जड केंद्रक फोडणं. त्यावर वीज आज बनते आहे. संमीलन म्हणजे हलकी केंद्रकं जोडणं. हायड्रोजनची केंद्रकं जोडून हेलियम होतो, सूर्य तेच करतो. पण ही केंद्रकं एकमेकांना ढकलतात. ती जवळ यावीत म्हणून कोट्यवधी अंश तापमान लागतं. तेवढं गरम काही ठेवायला जगात भांडं नाही, म्हणून ते चुंबकांनी अधांतरी धरून ठेवतात, निर्वात पोकळीत. आपले तुकडे त्या पोकळीच्या भिंतीवर बसणार होते. वेल्डरनं विचारलं, ‘मॅडम, फाटलं तर?’ त्या म्हणाल्या की फाटलं तर स्फोट होत नाही. थोडी जरी हवा आत शिरली तरी ते विझतं. ते पेटतं ठेवणं हीच तर सगळी अडचण आहे, अजून त्यावर कुणी घरात दिवा लावलेला नाही. पण एकदा जमलं तर इंधन समुद्राच्या पाण्यातून मिळेल, हवेत धूर नाही आणि हजारो वर्षं सांभाळत बसावा लागेल असा कचराही फारसा नाही.

जाताना त्या माझ्याजवळ थांबल्या. लीक टेस्ट तुम्ही करणार ना, असं विचारून म्हणाल्या की एवढ्या मोठ्या यंत्रात पुढे गळती शोधणं म्हणजे वाळवंटात सुई शोधणं, तेव्हा जे काही पकडायचं ते इथेच पकडा.

त्या संध्याकाळी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांना एकच गोष्ट चिकटली, पाण्यातलं इंधन. मी म्हटलं, पाण्यातल्या हजारो हायड्रोजनमध्ये एखादा जड असतो, तो वेगळा काढतात. ‘आपल्या पान्यात पन हाय?’ त्यांनी विचारलं. आहे, म्हटलं. ते म्हणाले, ‘मंग इतकी वर्सं मी पंपानं इंधनच ढकलत व्हतो. कुनी सांगलाच नाय.’ पुढे कित्येक दिवस ते पारावर लोकांना सांगत होते की आमची पोरगी सूर्याचं काम करते.

या तुकड्यांची चाचणी हेलियमनं करायची होती. तुकड्याची सगळी तोंडं बंद करून आतली हवा पंपानं ओढून घ्यायची आणि बाहेरून जोडावर बारीक नळीनं हेलियम सोडायचा. कुठे केसाएवढी फट असली तरी हेलियम आत शिरतो आणि यंत्राचा आकडा चढतो. यंत्र त्याचा आलेखही काढून देतं. मी वरून सुरुवात करून एकेका जोडावर सावकाश नळी फिरवत असे. बारापैकी नऊ तुकडे स्वच्छ निघाले. सात, नऊ आणि अकरा नंबरचे गळत होते, तिन्ही एकाच जागी, नळी वाकते तिथल्या जोडावर. मी तिन्हींना नाकारल्याची लाल पट्टी बांधली.

काकांनी ते पाहिलं आणि मान हलवली. अशा तुकड्याची दुरुस्ती परस्पर करता येत नाही. आधी त्या बाईंच्या ऑफिसला कळवायचं, त्यांची लेखी परवानगी आली की जोड खरवडून पुन्हा वेल्ड करायचा आणि पुन्हा चाचणी घ्यायची. काका म्हणाले, मी आजच पत्र टाकतो.

त्याच आठवड्यात वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, उल्हासनगरला. मला चार दिवस सुट्टी हवी होती. काका म्हणाले, खुशाल जा. मग म्हणाले की परवानगी या दोन-चार दिवसांत येईल, चाचणी मी स्वतः घेईन, पण माझ्या प्रमाणपत्राची मुदत संपली आहे, नूतनीकरण व्हायचंय. ‘अहवालाच्या तीन फॉर्मवर सही करून ठेव. आकडे मी भरतो. तुझ्यामागे काम अडायला नको.’

मी क्षणभरही विचार केला नाही. खरं तर मला बरं वाटलं. ज्यांच्याकडून शिकले त्यांना माझ्या सहीची गरज पडली, याचं मला अप्रूप वाटलं. मी तीन कोऱ्या फॉर्मवर सही केली आणि त्यांच्या टेबलावर ठेवून निघाले.

परत आले तेव्हा बाराही तुकडे पेट्यांत बंद होऊन गेले होते. काका म्हणाले, परवानगी आली, दुरुस्ती झाली, तिन्ही पास झाले. वडिलांचा डोळा कसा आहे ते विचारलं, रोज किती वेळा ड्रॉप घालायचे तेही विचारलं. मी समाधानानं दुसऱ्या कामाला लागले.

चारेक महिन्यांनी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. आत त्या इंजिनिअर बाई बसल्या होत्या, आणि काका. टेबलावर माझे बारा अहवाल पसरले होते. बाईंनी नमस्कार केला, पण त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की त्यांच्याकडे तुकडे पोचल्यावर पुन्हा चाचणी होते, आणि तीन तुकडे गळतायत. सात, नऊ, अकरा. त्यांनी तिन्हींचे अहवाल माझ्यापुढे सरकवले. खाली माझी सही होती.

मी आलेख एकेक करून पाहिले. नऊ नंबरच्या आलेखात मध्येच एक उंचवटा होता. तो मी ओळखत होते. तीन नंबरचा तुकडा तपासताना वसाहतीतली वीज क्षणभर गेली होती आणि रेघ तशी उडाली होती. मी त्या वेळी बाजूला तशी नोंदही केली होती. म्हणजे नऊ नंबरच्या अहवालाला तीन नंबरचा आलेख जोडला होता. बाकी दोन्हींनाही असेच दुसऱ्या तुकड्यांचे आलेख लावले होते. चाचणी झालीच नव्हती. परवानगीचं पत्रही गेलंच नव्हतं, ते बाईंनी सांगितलं. जोड वरवर खरवडून, एक फेर वेल्डिंग फिरवून, घासून चकचकीत करून तुकडे पाठवले होते.

बाईंनी विचारलं, ‘ही चाचणी कुणी घेतली?’

मी काकांकडे पाहिलं. मला वाटलं ते आता बोलतील. माझी खात्री होती की ते बोलतील. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, ‘चाचण्या सगळ्या हीच घेते. मी त्या दिवसांत वेल्डिंगकडे होतो.’

ते माझ्याकडे बघत नव्हते. आजही मला त्या केबिनमधलं सगळं आठवतं, शेठच्या मागचं कॅलेंडर, पंख्याचा आवाज. तेव्हा राग आला नव्हता. लाजच वाटली होती, आणि तीही त्यांची. जणू त्यांचं काहीतरी उघडं पडलं होतं आणि मी ते पाहायला नको होतं.

मग मी सांगितलं की त्या तारखांना मी उल्हासनगरला हॉस्पिटलमध्ये होते, वडिलांचे कागद आहेत, आणण्याची तयारी आहे. बाईंनी विचारलं, मग सही? मी म्हटलं, कोऱ्या फॉर्मवर करून गेले होते.

‘म्हणजे चाचणी न घेता सही केलीत.’

‘हो.’

‘मग खोटा अहवाल काय आणि कोरी सही काय, आमच्या दृष्टीनं दोन्हींत काही फरक नाही,’ त्या म्हणाल्या. त्या रागानं बोलल्या नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या कामासाठी माझी सही यापुढे चालणार नाही, असं लेखी पत्र आठवडाभरात आलं. पत्रात काकांचा उल्लेख नव्हता, कारण कागदावर ते कुठेच नव्हते.

दोन दिवस मी कामावर गेले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या घरी गेले, अंबरनाथलाच, पूर्वेला. काकूंनी दार उघडलं आणि नेहमीच्या मायेनं आत घेतलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं. काकांनी त्यांना चहा टाकायला सांगितलं आणि आम्ही गॅलरीत बसलो.

मी विचारलं, का केलंत. त्यांनी टाळाटाळ केली नाही. शेठनी तारखेचा शब्द दिला होता, परवानगीला कितीतरी आठवडे गेले असते, आणि वेल्डिंगची पद्धत मुळात त्यांनी स्वतः ठरवली होती. तीन तुकडे नाकारले गेले असते तर चूक त्यांच्या नावावर आली असती. मग पुढे सरकून, अगदी पूर्वी डबा बाजूला सारून समजावत तसे, ते म्हणाले, ‘हे बघ, फिशनचं काम असतं तर मी हात लावला नसता. तू ओळखतेस मला. तिथे माणसं मरू शकतात. हे फ्यूजन आहे. गळलं तर विझेल, संपलं. आणि ते पेटणार तरी कधी? आपल्या हयातीत तरी नाही.’

हे ऐकताना मला पहिल्यांदा राग आला. विज्ञान त्यांनी बरोबर सांगितलं होतं, एकही शब्द चुकीचा नव्हता. हेच त्या बाईंनी आम्हाला आशा म्हणून सांगितलं होतं. अपघात झाला तरी आपोआप विझणारी ऊर्जा. काकांनी त्यातून एवढंच घेतलं की इथे खोटं बोललं तरी चालतं.

‘आणि माझी सही?’ मी विचारलं.

ते खाली रस्त्याकडे पाहत राहिले. ‘तू तरुण आहेस. तुला कुठेही काम मिळेल. या वयात मला कोण ठेवून घेणार?’

काकू चहा घेऊन आल्या. मी तो प्यायले, कारण न पिता उठले असते तर त्यांनी कारण विचारलं असतं.

त्या दिवसापासून मला एका वेगळ्याच भीतीनं धरलं. फ्यूजनचं खोटं चालतं म्हणणारा माणूस फिशनचं खरंच करत होता का? मी शेठकडे गेले आणि जुन्या व्हॉल्व्हच्या सगळ्या फायली मागितल्या. शेठ त्या आठवड्यात खचलेले दिसत होते. ते म्हणाले, ‘बेटा, मैंने उनपे आँख बंद करके भरोसा किया. तू तरी मला विचारायचं होतं ना.’ मी म्हटलं, मीही डोळे मिटूनच भरवसा ठेवला होता. त्यांनी कपाटाच्या किल्ल्या दिल्या.

मी तीन दिवस फायली चाळल्या. प्रत्येक आलेख दुसऱ्याशी ताडून पाहिला. कुठेही काही सापडलं नाही, सगळे कागद ठीक होते. पण कागद कसे ठीक करतात ते मला आता कळलं होतं. मी शेठना सांगितलं की व्हॉल्व्हचं काम देणाऱ्या कंपनीलाही कळवा. आपणहून असं पत्र पाठवणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं, हे ते मला बोलून दाखवू शकले असते. त्यांनी पत्र पाठवलं. काही आठवड्यांनी उत्तर आलं की सर्व सांगाडे त्यांच्या स्वतःच्या चाचण्यांमधून गेलेले आहेत आणि दोष नाही. ते वाचून मी केबिनच्या बाहेर येऊन पायरीवर बसले आणि रडले. म्हणजे निदान तिथे तरी काकांनी सांगितलं ते केलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो फार कमी. एखादा माणूस सगळीकडेच खोटा निघाला तर त्याला मनातून काढून टाकणं सोपं असतं.

काकांना शेठनी महिनाअखेर निरोप दिला, हार-तुऱ्यांशिवाय. माझ्याबद्दल ते म्हणाले, तू रहा. त्यांनी ते तीन तुकडे नवे बनवून दिले. त्यांची चाचणी घ्यायला बाहेरची माणसं आली. मी बाजूला उभं राहून हेलियमची नळी जोडावरून फिरताना पाहत होते. आकडा जागचा हलला नाही. तुकडे गेले त्यानंतर पंधरा दिवसांत मीही राजीनामा दिला. रागानं नाही. त्या टेबलाशी बसलं की मला नीट दिसेना, दर तुकडा दोन-दोनदा तपासूनही सही करायला हात धजेना.

आता मी बदलापूरच्या एका वर्कशॉपमध्ये दुधाच्या टाक्या तपासते. काम चांगलं आहे. कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्याला मी सरळ नाही म्हणते, आणि एकदोघांनी मला त्यावरून खडूस म्हटल्याचंही कानावर आलं आहे. वडिलांना मी सगळं सांगितलं होतं. ऑपरेशनच्या त्या चार दिवसांचा संबंध कळल्यावर ते फार कष्टी झाले. ‘माज्या डोल्यापायी झाला,’ म्हणाले. त्यांची समजूत घालायला मला बरेच दिवस लागले. पारावर ते सूर्याचं बोलायचे बंद झाले. तेवढं मात्र मला काकांना कधीच माफ करता आलं नाही.

फ्यूजनची बातमी आली की मी अजून वाचते. कुठे काही क्षण जास्त पेटतं राहिलं, कुठे नवं चुंबक बसलं. वाचताना मन आधी हरखतं, मग प्रश्न पडतो. एवढ्या मोठ्या कामात कुठल्या कुठल्या वर्कशॉपमधले किती तुकडे असतील, आणि त्यांच्या कागदांवर कुणाकुणाच्या सह्या.

गेल्या महिन्यात काही कामानं अंबरनाथला गेले होते. स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसायला वाकले तर आत काका. ते बरेच थकलेले दिसले, हातात औषधांची पिशवी होती. त्यांनी मला ओळखलं, पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्यासाठी सरकून जागा केली. ‘ये, बस,’ म्हणाले.

मी रिक्षावाल्याला सांगितलं, ‘तुम्ही जा, मी मागच्यानं येते.’